हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू?

एका वाचक भगिनीचे पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहणाऱ्या या ताईंनी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयातून २०१५ मध्ये बी.एस्सी. (कृषी) ही पदवी घेतली. पुढच्या वर्षी त्या कृषी सेवेची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु मुख्य परीक्षेआधीच लग्न ठरले आणि त्या सासरच्या नऊ एकर कोरडवाहू शेतीत आल्या. वर्गाला दहा वर्षे झाल्याने डिसेंबरमध्ये अकोल्याला स्नेहमेळावा आहे. त्या वेळी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी व्हॉट्सॲपच्या गटावर प्रत्येकाकडून माहिती मागवली आहे: नाव, हुद्दा, कार्यालय किंवा कंपनी, शहर, जोडीदाराचा हुद्दा, दहा वर्षांतील ठळक यश आणि एक छायाचित्र. गटातील ५८ जणांपैकी २१ जणांनी ती पाठवली आहे. कोणी बँकेत कृषी अधिकारी आहे, कोणी बियाणे कंपनीत व्यवस्थापक आहे, एक जण पीएच.डी. करून परदेशात गेला आहे. वसतिगृहात ज्या मैत्रिणीसोबत एका खोलीत राहून अभ्यास केला ती तालुका कृषी अधिकारी झाली असून तिने सरकारी जीपजवळ उभे राहून काढलेले छायाचित्र पाठवले आहे. ते पाहिल्यावर ताईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि दोन दिवस गट उघडला नाही.

यजमान बारावीपर्यंत शिकलेले आहेत. २०१७ च्या बोंडअळीनंतर ताईंनी समजावल्यावर त्यांनी कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडे उभी ठेवून घेतलेले उशिराचे पीक, घेणे बंद केले. मात्र मेळाव्याचा विषय निघताच ते म्हणाले, "तुमच्या साहेब लोकांत मी येऊन काय करू?" ताई बचत गटाच्या अध्यक्ष आहेत आणि गटाने एक वर्ष तूरडाळ करून विकली होती, म्हणून एका मैत्रिणीने 'उद्योजिका' असे लिहायला सुचवले. ताईंच्या मनात मात्र व्हॉट्सॲपचा गट गुपचूप सोडून द्यावा असे येते. त्या लिहितात, "पावसाळ्यात आमच्या गावात कृषिकन्या, म्हणजे प्रात्यक्षिके दाखवायला येणाऱ्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, आल्या. पाच टक्के निंबोळी अर्क कसा करायचा ते त्यांनी आम्हा बायांना दाखवले. २०१४ मध्ये मी अशीच कृषिकन्या म्हणून एका गावात हेच दाखवले होते, पण मी काही बोलले नाही. उपस्थितीच्या कागदावर सही केली आणि घरी आले." पत्राखाली एक ओळ ताजा कलम म्हणून आहे: "पेरणीच्या आधी शेजारपाजारच्या बाया सोयाबीनची उगवण पाहायला माझ्याकडे येतात, एवढेच माझ्या शिक्षणाचे काम उरले आहे."

उत्तर:

ताई, तुमच्या ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण तुम्ही ते जागा उरली म्हणून लिहिले असावे आणि मी मात्र ते सर्वांत जास्त वेळा वाचले.

सोयाबीनचे टरफल किती नाजूक असते हे तुम्हाला ठाऊक आहे. काढणीच्या वेळी पाऊस लागला, मळणीयंत्राचे फेरे जास्त वेगाने झाले किंवा पोती उंचावरून आदळली, तर दिसायला टपोरे असलेले बियाणे जमिनीत गेल्यावर उगवत नाही. म्हणून शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर एकरी तीस किलोच्या हिशेबाने पेरायचे, कमी उगवले तर बियाणे वाढवायचे आणि फारच कमी उगवले तर ते पेरायचेच नाही. हा हिशेब चुकला की दुबार पेरणी येते, आणि कोरडवाहू कास्तकाराच्या घरात दुबार पेरणीचा अर्थ काय होतो हे दारव्ह्यात राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. ज्या बाया तुमच्याकडे मूठभर दाणे घेऊन येतात त्या वर्षभराचा निर्णय तुमच्या शब्दावर सोपवून जातात. त्यामुळे तुमच्या वाक्यातील 'एवढेच' हा शब्द मला टोचला.

तरीही या कामाची किंमत तुमच्या मैत्रिणीच्या पदाइतकीच आहे, असे सांगून मी तुमचे समाधान करणार नाही. तसे म्हणणे खरे होणार नाही. तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, रजा मिळते, तिच्या सहीने कागद पुढे सरकतो. तुम्हाला या कामाचा एक रुपया मिळत नाही, आणि ज्या नऊ एकरांत तुम्ही राबता त्यांच्या सातबाऱ्यावर बहुधा तुमचे नावही नाही. हा फरक खरा आहे आणि तो जाणवणे हा हलकेपणा नाही. त्याचबरोबर, ज्यांनी माहिती पाठवली ते आतून दुःखी असतील, असला दिलासाही मी देणार नाही. ते सुखात असतील तर असोत. तुमचे बरे वाटणे त्यांच्या दुःखावर अवलंबून असू नये.

मला वाटते, तुमच्या मनात दोन वेगळी दुःखे एकमेकांत गुंतली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय पुढचा निर्णय नीट होणार नाही. एक आहे संकोचाचे: इतरांपुढे मी कशी दिसेन? दुसरे आहे न दिलेल्या मुख्य परीक्षेचे. जीपचे छायाचित्र पाहून तुम्ही मोबाइल पालथा ठेवलात तेव्हा तुम्हाला त्या मैत्रिणीचा हेवा वाटला, असे तुम्ही समजता. परंतु परदेशात गेलेल्या वर्गमित्राचे वाचून तसे झाले नाही, बियाणे कंपनीतल्या व्यवस्थापकाचे वाचूनही झाले नाही. ज्या खोलीत दोघींनी एकच पुस्तक मधे ठेवून अभ्यास केला त्या खोलीतली दुसरी परीक्षेला बसली आणि तुम्हाला बसू दिले गेले नाही, हे ते दुःख आहे. ते स्मरणिका छापली नसती तरी होतेच, आणि गट सोडल्याने ते जाणार नाही.

त्या दुसऱ्या दुःखाला एक सरळ प्रश्न विचारा: ती परीक्षा आजही द्यावीशी वाटते का? तुमचे वय बत्तीस-तेहतीसच्या आसपास असेल. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा असते, म्हणजे दार अजून बंद झालेले नाही. द्यावीशी वाटत असेल तर तसे घरात स्पष्ट बोला, आणि ज्या मैत्रिणीचे छायाचित्र पाहवले नाही तिलाच फोन करून विचारा की अभ्यासक्रम आता कसा आहे. द्यावीशी वाटत नसेल, फक्त तेव्हा देता आली नाही याची हळहळ असेल, तर तेही एकदा स्वतःशी कबूल करावे. त्या हळहळीला स्मरणिकेत जागा नसते, पण मैत्रिणीजवळ ती बोलता येते.

आता त्या माहितीपत्रकाकडे पाहू. हुद्दा, कार्यालय, शहर आणि ठळक यश हे रकाने नोकरीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. नोकरदाराची दहा वर्षे त्यात सहज बसतात: अमुक साली रुजू, अमुक साली बढती, अमुक साली जिल्ह्याच्या ठिकाणी बदली. प्रत्येक साल आधीच्या सालाच्या एक पायरी वर असते. कास्तकाराची दहा वर्षे तशी मोजता येत नाहीत. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने भरलेली बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कापूस घरातच पडून राहिला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले, पण तेव्हा ते कास्तकाराच्या घरात उरलेच नव्हते, आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. २०२२ मध्ये कापसाने दहा हजारांची मजल ओलांडली. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅक रोगाने उभे सोयाबीन पिवळे पडले. या सालांपैकी कोणते 'ठळक यश' म्हणून लिहायचे? २०१७ च्या नुकसानीनंतर ज्या घराने वावर विकले नाही आणि लेकरांची शाळा सोडवली नाही, त्या घराने काहीतरी मोठे केले आहे, पण ते सांगण्यासाठी त्या पत्रकात रकाना नाही. अपुरेपणा पत्रकाचा होता आणि तुम्ही तो स्वतःचा समजलात.

शेतीची पदवी घेऊन शेतीत जाणे याला 'पदवी वाया गेली' असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे, याचेही मला वाईट वाटते. ज्या भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या, नावाने १९६९ मध्ये ते विद्यापीठ उभे राहिले, ते अमरावती जिल्ह्यातील पापळच्या शेतकरी घरात जन्मले होते आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी आयुष्यभर झटले. शिकलेले कोणी वावरात परत आले तर त्यांना ते वाया गेल्यासारखे वाटले नसते, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या पत्रातील एका आकड्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. गटात ५८ जण आहेत आणि माहिती २१ जणांनी पाठवली आहे. तुम्ही त्या २१ जणांवरून अख्ख्या वर्गाचे चित्र मनात रंगवले आणि त्या चित्रात स्वतःला शेवटी बसवले. उरलेल्या ३७ जणांपैकी काही कामात असतील, काही आळशी असतील, पण काही जण नक्कीच तुमच्यासारखेच तो मजकूर चार वेळा लिहून चार वेळा पुसत असतील.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आमच्या वर्गाचा मेळावा पदवीनंतर वीस वर्षांनी झाला तेव्हा पुसदकडचा एक मित्र आला नाही. आम्ही त्याला नावे ठेवली, "आता कशाला येईल तो?" असे म्हणून मोकळे झालो. तीन वर्षांनी एका लग्नात त्याची भेट झाली तेव्हा त्याने सांगितले की तो त्या दिवशी आला होता. एस.टी. स्थानकावर उतरला, दोन तास बाकावर बसला आणि परतीची गाडी धरून निघून गेला. आमच्यासाठी त्याने पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. त्या वर्षी त्याच्यावर सोसायटीचे आणि सावकाराचे असे दोन्हीकडचे कर्ज होते आणि "सध्या काय करतोस?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे त्याला सुचले नव्हते. आमच्यापैकी तिघे जण तेव्हा बँकेत होते. कर्जाचे पुनर्गठन कसे करून घ्यायचे हे त्याला सांगायला एक संध्याकाळ पुरली असती. ती संध्याकाळ आम्ही गाणी म्हणण्यात घालवली, आणि ते आठवले की मला आजही अपराधी वाटते.

म्हणून गट सोडू नका, असे मी सांगेन. सोडण्यात काही पाप नाही, पण तुम्ही गेलात की वर्गातून वावराची खबर देणारी एक व्यक्ती कमी होईल आणि तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्यांना आपण एकटेच आहोत असे आणखी वाटेल. 'उद्योजिका' हा शब्दही लिहू नका. डाळीचा उद्योग पुन्हा सुरू झाला तर खुशाल लिहा, परंतु आज तो लिहिलात तर मेळाव्याचा अख्खा दिवस त्या एका शब्दाची राखण करण्यात जाईल. 'गृहिणी' हा शब्द खोटा नाही आणि कमीपणाचाही नाही, पण तुमच्या बाबतीत तो अपुरा आहे.

यजमानांविषयीही थोडे बोलायला हवे. जोडीदाराच्या हुद्द्याचा रकाना पाहून तुम्ही त्यांच्या वतीने संकोचलात, आणि तो संकोच त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा, म्हणूनच ते "साहेब लोक" म्हणाले. बोंडअळीचे चक्र तोडण्यासाठी डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाकावी, हे तुम्ही महाविद्यालयात शिकलात. पण फरदड सोडणे म्हणजे उशिरा मिळणाऱ्या चार पैशांवर पाणी सोडणे असते, आणि शेजारच्या वावरात पऱ्हाटी उभी असताना आपली उपटून टाकायला छाती लागते. तुमचा सल्ला ऐकून ती जोखीम त्यांनी उचलली. तुमच्या शिक्षणावर या दहा वर्षांत सर्वांत जास्त विश्वास कोणी ठेवला असेल तर तो बारावी शिकलेल्या या माणसाने, आणि हे तुम्ही त्यांना कधी सांगितले आहे का? नसेल तर स्मरणिकेच्या आधी ते सांगा. मग तो रकाना कोरा सोडायचा की नाही हे दोघांनी मिळून ठरवा.

राहिला प्रश्न काय लिहायचे याचा. तुमच्याच पत्रातील वाक्ये घेऊन मी एक मसुदा करून पाहते, त्यात हवे ते बदल करा:

"२०१६ पासून दारव्हा तालुक्यात सासरी राहते. आमची नऊ एकर कोरडवाहू शेती आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर घेतो. बोंडअळीच्या वर्षानंतर आमच्या घरी फरदड बंद केली. पेरणीआधी गावातल्या बायांना सोयाबीनची उगवणक्षमता तपासून देते. बचत गटामार्फत एक वर्ष तूरडाळ केली होती, ती पुन्हा सुरू करायची इच्छा आहे. गावात स्वतःचे कृषी सेवा केंद्र काढावे असेही मनात आहे. परवाना आणि कर्ज यांबद्दल ज्यांना माहिती असेल त्यांनी मला जरूर फोन करावा."

कृषी सेवा केंद्राची गोष्ट मी माझ्या मनाने घातली आहे, तुम्हाला दुसरे काही हवे असेल तर ते लिहा. पण शेवटी काहीतरी मागा. इतरांनी पाठवलेली माहिती वाचून लोक अंगठा दाखवतात, अभिनंदन करतात आणि पुढे जातात, कारण त्या मजकुराला दुसरे काही उत्तरच नसते. मागणी असलेल्या मजकुराला फोन येतो.

केंद्राची गोष्ट घातली ती अगदी हवेतून नाही. खते आणि कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी तुमची पदवी ग्राह्य धरली जाते. ज्या दुकानदारांकडे अशी पदवी नव्हती त्यांना त्यासाठी पदविका अभ्यासक्रम करावा लागला. केंद्र सरकारने २००२ मध्ये कृषी पदवीधरांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. तीत पंचेचाळीस दिवसांचे मोफत प्रशिक्षण, वैयक्तिक प्रकल्पाला वीस लाखांपर्यंतचे कर्ज आणि महिलांसाठी ४४ टक्के अनुदान अशी तरतूद आहे. आजचे नियम आणि कागदपत्रे तुमच्या त्या बँकेतल्या वर्गमित्राला तोंडपाठ असतील, आणि परवान्याची कार्यपद्धती जीपवाल्या मैत्रिणीला. ज्यांच्या हुद्द्यांनी तुम्ही दबून गेलात ते हुद्दे तुमच्या कामाला येणारे आहेत. जमीन यजमानांच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली ते त्यांच्या हयातीत तुमचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावू शकतात, तलाठी कार्यालयात चौकशी करा. स्मरणिकेत नाव कसे छापून येते यापेक्षा तो कागद अधिक महत्त्वाचा आहे.

अशीच पत्रे मला इतर वाचकांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहिते. तुम्ही तुमच्या वर्गाचे संयोजक असाल तर हुद्द्याचा रकाना काढून टाका आणि त्याजागी 'सध्या दिवस कशात जातो?' आणि 'वर्गाकडून कोणती मदत हवी किंवा देता येईल?' असे दोन प्रश्न घाला. तुम्ही स्थिरस्थावर झाला असाल तर आपली माहिती आनंदाने लिहा, लपवू नका, परंतु गटावर न बोलणाऱ्या दोघांना एकेकटा फोन करा. त्या फोनवर पहिला प्रश्न नोकरीचा विचारू नका. पाऊसपाणी, आईवडील, लेकरे यांची विचारपूस करा, बाकीचे आपोआप येईल. आपल्या भागात एखाद्याचे गप्प होणे वर्गाने हलक्यात घेऊ नये. बोलण्यात कोणी जगण्याला कंटाळल्यासारखे वाटले तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्या. तेथे मराठीतून बोलता येते.

मेळाव्याला जायचे की नाही हे आज ठरवू नका, ताई. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस, मजूर मिळेल की नाही हेही तेव्हाच कळेल. त्याआधी मैत्रिणीला फोन मात्र करा. तिचे छायाचित्र छान आले आहे हे सांगा, आणि मुख्य परीक्षा राहून गेली याचे तुम्हाला अजून वाईट वाटते हेही सांगा. तुम्ही दहा वर्षे गप्प का आहात, याचे कोडे कदाचित तिलाही पडले असेल. तो फोन कसा होतो त्यावरून अकोल्याला जावेसे वाटते की नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावात पुन्हा कृषिकन्या येतील. निंबोळीचा अर्क करताना त्यांचे प्रमाण चुकत असेल तर सांगा, रात्रभर भिजवलेला अर्क गाळायला फडके धरा, आणि त्यांनी उपस्थितीचा कागद पुढे केला की सहीच्या खाली लिहा: बी.एस्सी. (कृषी), २०१५.